बूच

वर जाताना सगळे बघतात.
माना मोडेस्तोवर बघतात, टाळ्या पिटतात,
मग मोटारींचे दिवे लागतात
आणि कोको बीचचा रस्ता तुंबतो.
आम्ही तेव्हा फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर
बोटीच्या कठड्याला पोट टेकून वाट बघत असायचो,
खाली काय येतंय याची.

आधी तीन छत्र्या.
मग आपटणं. दार आपटल्यासारखं नाही,
घर आपटल्यासारखं.
मग काही झालंच नाही असा चेहरा करतो समुद्र
आणि त्यातून एक पांढरं नळकांडं
दहा मीटर डोकं वर काढून उभं राहतं.
ऐंशी टन पोलाद, पोटात कोंडलेल्या हवेच्या जिवावर
अर्ध्या रिकाम्या बाटलीसारखं डोलत.

माझं काम बूच लावण्याचं.
कागदावर त्याला लांबलचक नाव होतं,
बोटीवर ते घ्यायला कुणाला सवड नव्हती.
मी आणि वेंडेल स्ट्रिकलंड, तेहतीस मीटर खाली,
काल जिथून आग ओकली गेली त्या तोंडाशी.
छत्र्यांच्या दोऱ्या केसांसारख्या तरंगायच्या,
त्यांच्यात पाय अडकवायचा नाही,
हा पहिला धडा आणि शेवटचाही.
बूच आत सरकव. फाकव. आवळ.
वरून हवा सोडली की नळकांडं ढेकर द्यायचं,
पाणी बाहेर, वजन वर,
आणि मग कधीतरी
(कधी, ते कुठल्याच तक्त्यात नव्हतं,
तोवर आपण लांब पोहून गेलेलं बरं)
उभं होतं ते आडवं व्हायचं,
बसल्या बसल्या म्हाताऱ्याला झोप लागावी तसं.

माझे आजोबा सेंट ऑगस्टीनचे, मिनॉर्कन रक्ताचे,
मलेटवर जाळं फेकण्यात गेला जन्म.
म्हणायचे, फेकायला कुणालाही येतं, लायल.
दोरी मनगटाला बांधलीस का, ते सांग.

बंदरात ऑगस्टा ब्रिंकली उभी असायची,
हातात पट्टी, कानामागे पेन्सिल.
आधी पाण्याचे फवारे, गोड्या पाण्याचे,
कारण मीठ घड्याळ लावून बसलेलं असतं.
मग ती घेर मोजायची. पुन्हा मोजायची.
"समुद्रानं याला थोडं अंडं केलंय, पॅसेटी,"
म्हणायची, जणू मीच आपटलं होतं.
केसाएवढा फरक. तेवढ्यावर ती रात्रभर जागायची.
नवं बनवायला किती, जुनं परत आणायला किती
हा हिशेब तिच्याकडेही कधी जुळला नाही.
दर वर्षी नवा साहेब, नवा आकडा.

एका जानेवारीत आम्ही वेगळंच काही शोधायला गेलो.
महिनोन् महिने.
त्याबद्दल मी बोलत नाही.

पुढं तीनेक वर्षांनी, गढूळ पाण्यात,
खालच्या घेरावर हात फिरवताना
बोटांना आकडे लागले, ठोकून उमटवलेले,
आणि त्यांच्या शेजारी गळाच्या आकाराचा एक ओरखडा.
माझ्याच पान्याचा.
रंग नवा, शेजारचा तुकडा नवा, बोल्ट नवे,
मधल्या काळात आगगाडीनं देश ओलांडून आलेलं,
पण हे तेच.
पाण्याखाली हसू नये, तोंडात पाणी जातं.
मी हसलो.

आता गुडघे जिना चढू देत नाहीत.
धक्क्यावर बसतो, जाळं असतं, मलेट असले तर असतात.
नवी बुस्टरं तराफ्यावरून येतात.
न भिजता. चार पायांवर.
येताना स्वतःच ब्रेक मारतात म्हणे, शेवटच्या क्षणी,
आणि एवढ्या मोठ्या समुद्रात
अंगणाएवढी जागा शोधून तिच्यावर उतरतात.
पुढची याहून मोठी असतील, त्यांना हवेतच झेलतील,
पोरं सांगतात.
वाईट वाटतं का, असंही विचारतात.
मी म्हणतो, काजळी बघा किती चढलीय,
अजून धुवायला माणूस लागतोच.

तराफा वळतो. खांबावरचा पेलिकन हलत नाही.
आणि माझे डोळे आपोआप खाली जातात
तोंड कुठंय, पाणी किती,
बूच कुठून लावायचं.