अर्धा एचपी

कोलाऱ्याच्या रिसॉर्टात गरम पाण्याचा टब आला,
भर चैतात.
पंप निवडायला मला बोलावलं,
भिसीचा सोमाजी दडमल, मोटर रिवाइंडिंग.

मॅनेजर म्हणे, मोठाच लावा, दोन एचपी.
म्हटलं, साहेब, धान ओलायचं हाये का?
पाणी फिरलं पायजे, पळालं नाही.

मोहाचं एक फूल टाकलं.
मोठ्या पंपानं ते गिळलं
अन् घरघरला.
दुसरं टाकलं, लहान पंप लावला.
त्यानं कडेकडेनं फिरवत
जाळीपाशी आणून ठेवलं.
हाच, म्हटलं.

"बसून तर पाहा."
पँट दुमडून पाय सोडले.
तीस वर्षं विहिरीत उतरलो मोटरी काढायला,
पाणी असं विचारत विचारत
पायाशी कधी आलं नव्हतं.

बिल तसंच राहिलं लिहायचं.