मल्लेशमचा उजवा

दुपारी वीज गेली की साखर पेठेतले माग एकदम गप्प होतात
आणि इरप्पाच्या टपरीवर मल्लेशमचा निकाल लागतो.

"अजून दोन वर्षं कुठं जात नाही बे,"
म्हणतो गफूर नदाफ, रंगारी, कोपरापर्यंत निळा.
"उजवा बघितलास का त्याचा? लागला की माणूस
डायरेक्ट विजापूर वेशीत जागा होतोय."
"लागला की," म्हणतो इरप्पा, उतू जाणारं दूध फुंकत.
"लागायला समोरच्यानं थांबाय पाहिजे की."

मग नावं निघतात.
भिवानीचा तो पोरगा, बावीस वर्षांचा,
पायात स्प्रिंगा, नाक अजून सरळ.
रेल्वेचा डावखुरा, जो हसत हसत मारतो.
सैन्यातला एक, ज्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही
म्हणून सगळे त्याला टँकर म्हणतात.
बिडीच्या बंडलावर पेन्सिलीनं आकडे पडतात.
पैजेला अर्धा किलो शेंगा चटणी,
गफूरनं एकदा सायकल लावली होती.

"वजन तर तेवढंच आहे, एकशे चार."
"तेवढंच आहे, पण राहायला खाली गेलंय."

मला कुणी विचारत नाही.
पंधरा वर्षं मी त्याच्यासमोर पॅड धरतो,
पार्क मैदानाच्या मागं, पहाटे साडेपाचला.
त्याचं सगळं टपाल माझ्या तळहातावर येतं.
पूर्वी ठोसा आधी यायचा, आवाज मागनं.
आता आधी खांदा कळवतो, मग श्वास,
मग तो उजवा.
जड आहे अजून, खोटं कशाला बोलू,
रात्री कडक भाकरी मोडताना मनगट आठवण देतं.
पण येतो लग्नातल्या मामासारखा:
नक्की येतो,
मुहूर्त टळल्यावर.

आणि परवाचं तर मी कुणालाच सांगितलं नाही.
ताण्यातला एक धागा तुटला.
मल्लेशम म्हणजे डोळे मिटून गाठ मारणारा माणूस,
बापानं पाळण्याच्या दोरीवर शिकवलेलं.
वाकला. चिमूट केली.
आणि धाग्याच्या शेजारी, बोटभर डावीकडं,
जिथं काहीच नव्हतं,
तिथं बोटं फिरवत राहिला.
परत एकदा.
नरसम्मा हातातली बॉबिन ठेवून आली,
काही न बोलता गाठ मारली
आणि माग चालू केला,
खटका जरा जास्तच जोरात ओढून.

संध्याकाळी तिनं मला एक टॉवेल दिला.
"कोपऱ्यात तुम्हीच असता ना?
काठ रुंद काढलाय. पंचाला लांबनं दिसंल."
अर्ध्या देशाचं अंग पुसणारं हे गाव,
अक्कलकोट रोडनं रोज ट्रक भरून टॉवेल जातात.
मला तो एक
खांद्यावर पेलेना.

आज तो स्वतःच टपरीवर आला.
बाकडं कुरकुरलं, सगळे सरकले,
पेन्सिल गफूरच्या कानामागं गेली.
"काय ठरलं मग? कोण बरा पडंल?"
विचारलं मलाच, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.
भिवानी, रेल्वे, टँकर,
सगळी नावं चहाच्या वाफेत उभी.

मी म्हणालो, "जालन्याचा तुळजाराम घे."

तुळजाराम एकोणचाळीसचा. गुडघ्याला पट्टा.
दोघांची मिळून पंचाहत्तरी.
गफूर हसला.
इरप्पा नाही हसला.
मल्लेशमनं माझ्याकडं बघितलं,
माझ्याकडं म्हणजे, बोटभर डावीकडं,
आणि बशीत चहा ओतला सावकाश,
काठोकाठ,
एक थेंब सांडला नाही.

"बघ! हात बघ त्याचा!" गफूर ओरडला,
आणि तेवढ्यावर
पुन्हा सायकल लावली.