पाणी सोडण्याआधी

खालच्या खाचरांत अजून पाणी सोडलेलं नाही.
हिदाका म्हणतो, आठवडा आहे.
म्हणजे माझ्याकडेही आठवडाच.

ज्वालामुखीची राख रात्री पुन्हा पडली,
बर्फाच्या डब्याचं झाकण आधी पुसून घेतलं.
आत लसीच्या बाटल्या, करंगळीएवढ्या.
आठ पहिलटकरणी कोंड्यात तोंड खुपसून उभ्या.
ही दुसरी टोचणी. पहिली महिन्यापूर्वी झाली.

कानामागे, मानेच्या जाड भागात, सुई.
एक किंकाळी,
आणि लगेच पुन्हा कोंडा,
जणू किंकाळी शेजारणीची होती.
पाठीवर निळ्या खडूची रेघ ओढायची.
पुढची.

गेल्या साली मीच म्हटलं होतं,
थोरल्यांना दिली, पुरे झालं,
नव्यांचे पैसे छपराला लागतील.
छप्पर झालं. चांगलं झालं.

ती आजारी पडलीच नाही.
ना ताप, ना शिंक, टोपलं चाटूनपुसून साफ.
तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस,
सासूबाई बोटांवर मोजायच्या तसंच मोजलं मी,
आणि भरल्या दिवशीच व्याली.

पहिलं सुकलेलं, काळपट,
वाटाण्याच्या जुन्या शेंगेसारखं.
दुसरं तळहाताएवढं.
मग वाढत्या मापाने एकेक,
जो तो आपापल्या तारखेला थांबलेला.
अकरावं मात्र पुरं होतं. गुलाबी. पापण्यांसकट.
त्याला गोणपाटाने चोळलं,
मागचे पाय धरून झोका दिला,
नाकात फुंकलं. किती वेळ, आठवत नाही.
कुनियोशी दारातून म्हणाला, राहू दे आता.

ती दूध उतरल्याचा हुंकार देत होती,
थांबून थांबून, रात्रभर,
रिकाम्या पेंढ्याला.

नागातोमो डॉक्टरणीने नंतर सगळं समजावलं:
बगळ्याच्या रक्तातून डासात, डासातून डुकरात,
तिथे तो फोफावतो, मग पुढे,
कुणाच्याही उघड्या दंडावर.
हिदाकाने विचारलं, डुकरांना मेंदूज्वर होतो?
थोराड डुकरांना सहसा काही होत नाही, ती म्हणाली.
पिलं तेवढी जात राहतात.
तो बराच वेळ टोपीवरची राख झटकत बसला.
त्याच्या नातीला त्याच रोगाची लस
मार्चमध्ये दिली होती, शाळेच्या आधी.

सहावी निसटली.
चिखलातून तिच्यामागे मी, माझ्यामागे कुनियोशी,
आणि तो हसतोय!
सुई वाकली. नवी लावली.
सातवी. आठवी.

बाटलीत थेंबभर उरलं होतं, डब्यात ठेवून दिलं.
कॅलेंडरवर सप्टेंबरचं पान उलटलं, काहीच लिहिलं नाही,
परत मिटलं.

बांधावर एक बगळा आलाय.
कोरड्या खाचराकडे पाहत उभा, एका पायावर,
माझ्यासारखाच, हिदाकाची वाट बघत.