अनुक्रमांक एक्केचाळीस

विट्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा साडेदहा.
केंद्राचं कुलूप मी येणार म्हणून उघडलेलं,
कडीवरचं तेल अजून ओलं.
हिंदुराव निकम दारातच हात जोडून,
"आधी नाष्टा, मॅडम."
म्हटलं, आधी हजेरीपट.

साठ नावं, नव्वद दिवस.
संगणकीय लेखा सहायक, कोर्स संपून सात महिने,
अनुदानाचा दुसरा हप्ता माझ्या सहीवर अडलेला.
प्रत्येक खान्यात ह.
एकाच निळ्या पेनाचा,
एकाच बाजूला कललेला,
बेंदराच्या दिवशीसुद्धा साठच्या साठ हजर.

बारा संगणक. अकरांच्या पडद्यावर
दुकानातलं प्लास्टिक तसंच.
बारावा उघडा,
त्याच्या एंटरवरचं अक्षर पुसट.
मी ते पाहिलं, लिहिलं नाही.

मग फोन.
बावीस नंबर म्हणाला, कोईमतूरला असतो,
सोनं गाळतोय, चार वर्षं झाली.
"मी विट्यात हजर?" आणि हसला,
मागे भट्टीचा घोंघावता आवाज.
चौतीस नंबरची नांदायला गेली, आईनं सांगितलं,
"आता तिला कशाला हाक मारता?"
एक्कावन्न नंबरचा फोन
बाहेर अंगणात वाजला, निकमांच्या ड्रायव्हरच्या खिशात.
तो उचलावा की नाही, हे त्याला कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

या तालुक्यातली माणसं मुलखाबाहेर जाऊन
लोकांचं सोनं तेजाबात टाकतात,
मळ बाजूला काढतात.
माझं कामही तसलंच,
फक्त दिवस संपताना
माझ्या हाती मळ राहतो.
त्याआधी बारा वर्षं मी कॉलेजात होते, तासिका तत्त्वावर.
तेव्हा माझा पगार कुणीतरी असाच
कुठल्यातरी रकान्यात अडवून ठेवायचं.

एक्केचाळीस नंबर स्वतः आली.
तमन्ना आतार, लेंगऱ्याहून,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एसटीची तिकिटं,
रबर लावून महिन्यामहिन्याचे गठ्ठे.
"फोनवर म्हणालात ना, पुरावा असेल तर आणा."
मी मोजली. त्र्याऐंशी दिवसांची, जाण्याची आणि येण्याची.
"सात दिवस नाही आले. अम्मीचं ऑपरेशन होतं मिरजेला."

हजेरीत तिचेही नव्वद.

"शिकवायला कोण यायचं?"
"पहिला आठवडा एक सर होते. मग किल्लीच माझ्याकडे.
झाडून घ्यायचे, एक संगणक लावायचे,
अब्बांची उधारीची वही त्यात भरायचे.
एकदा बेरजेत दोन रुपये जुळेनात.
चार दिवस शोधत बसले."
"सापडले?"
"गुलाबपाण्याची बाटली दोनदा लिहिलेली.
अब्बा म्हणाले, दोन रुपयांसाठी चार दिवस?"
मला तिच्याकडे बघवेना.
मीही अशीच बसते, दोन रुपयांसाठी.

निकम खुर्ची पुढे ओढत म्हणाले,
"बघा मॅडम, आहेत की विद्यार्थी."

अहवालात तीनच रकाने,
पात्र, अपात्र, खुलासा.
केंद्र अपात्र, की सगळ्यांचीच प्रमाणपत्रं रद्द,
नियम चौदा, पोटनियम ब.
कोईमतूरच्या भट्टीवरचं काही बिघडणार नाही.
तिकिटांचा गठ्ठा मात्र
परत पिशवीत जाईल.

मी खुलाशात लिहिलं,
एक्केचाळीस, त्र्याऐंशी दिवस.
सात दिवस गैरहजर, हे तिनं स्वतः सांगितलं.
या केंद्रातली एवढीच नोंद मला खरी वाटते.
वर कुणी वाचेल की नाही, ठाऊक नाही.
खुलाशाचा रकाना मशीन वाचत नाही म्हणे.

संध्याकाळी सांगलीला, स्टँडच्या बाकावर,
माझा स्वतःचा अर्ज, प्रवासभत्ता.
वाहन: खाजगी, असं मी दरवेळी लिहिते,
किलोमीटरही वीसेक वाढवून.
सगळेच लिहितात, दर फार जुने आहेत.
आले होते एसटीनं, बायकांच्या अर्ध्या तिकिटात.
तिकीट पर्समध्ये आहे.
अजून फेकलेलं नाही,
जोडलेलंही नाही.