आधी अंगठा

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी झाकलीय नोव्हेंबरपासून.
आत काय असतं ते राणवाला विचारा:
लोकरीचे तंतू, घामाचा आंबूस वास,
तळव्यात रुतलेल्या नखांच्या चार चंद्रकोरी.

मेंढ्या मोजत होतो. एकतीसवर आकडा हरवला,
मग जमीन जवळ आली.
उजवा पाय आता ओढत का होईना येतो मागून,
उजवा हात मात्र मिटला तो मिटलाच,
जणू वल्हं अजून आहे त्यात
आणि बोट अजून किनाऱ्याला लागायचीय.

रोज रात्री राणवा कोमट पाण्याची परात आणते.
आधी अंगठा, ती म्हणते. नेहमी आधी अंगठा.
तो बाहेर आला की बाकीची चार
हट्टी पोरांसारखी, एकेक करून, येतात.

तोर्सहाव्नहून एक गृहस्थ आले होते.
डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली मोठ्यानं,
देव दुसऱ्या बेटावर राहत असावा अशी.
मूठ तशीच. मग म्हणाले,
विश्वास कुठेतरी कमी पडतोय.
राणवानं त्यांना वाऱ्यावर सुकवलेलं मटण वाढलं,
पाहुणा तो पाहुणा,
सुरी मात्र दिली बोथट.

पाळकबाई येतात सहा आठवड्यांनी, समुद्र येऊ देईल तर.
एरवी होग्नी जुन्या वहीतून प्रवचन वाचतो,
भरती-ओहोटीचं कोष्टक वाचावं तसं.
मला ते बरं वाटायचं.
कोष्टकाला कुणाकडून काही नको असतं.

त्या रविवारी वारा पडला. बाई आल्या.
प्रभुभोजनाला मी कठड्याशी उभा,
डावा हात कुबडीवर, ती सोडली तर मी आडवा.
भरवू नका, मी आधीच बजावून ठेवलं होतं,
अजून इतका गेलेलो नाही.
उजवा पुढे केला.
लोक उघडे तळवे घेऊन येतात देवापुढे;
मी मूठ उगारून.

बाई थांबल्या. भाकरीचा तुकडा त्यांच्या चिमटीत.
छपरावरच्या गवतात वारा पुन्हा उठल्याचं ऐकू आलं.
कुणीतरी खोकलं.
मग माझ्या कोपराखालून बायनिर, माझा नातू,
पुढचे दोन दात नसलेला,
अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाला:
आधी अंगठा!
आणि त्याच्या थंड बोटांनी
आजीसारखंच, एकेक करून.

लोकरीची गुंजभर गोळी निघाली तळव्यातून.
बाईंनी ती काढली नाही.
तिच्यावरच भाकर ठेवली.

आणि मूठ मिटली.
मी मिटली नाही, तिचं तीच मिटते,
तो माझा आजार आहे.
लोक गुडघ्यांवरून उठले, तोंडं पुसली,
मी भाकर घेऊन घरी आलो, न खाता,
चढावर दोनदा थांबत.
मी तिला धरलंय की तिनं मला,
असं काहीतरी मनात आलं,
पण पाय घसरत होता, विचार सोडून दिला.

रात्री परात. अंगठा. मग बाकीचे.
लगदा झाला होता, लोकरीत गुरफटलेला.
राणवानं बोटाच्या टोकावर घेतला
आणि काहीच बोलली नाही.

चाळीस वसंत मी पोरकी कोकरं बाटलीवर वाढवली.
एकानंही विचारलं नाही
की आपली लायकी आहे का या दुधाची.
ढुशी देतात, पितात, शेपूट हलवतात,
अर्धं अंगावर सांडतात.
कृपा म्हणतात ती एवढीच असेल तर
मी फार मोठा माणूस होऊन बसलो होतो.

तोंड उघडलं.
दातात लोकर अडकली.

सकाळी मूठ पुन्हा मिटलेली.
बायनिर न्याहारीआधीच धावत आला:
दाखव, आज आत काय आहे?
काही नाही, मी म्हणालो,
आणि हात पुढे केला.