अकरा ते एक

माहितीपत्रकाचा मजकूर मी लिहिला, कबूल आहे.
नगरपालिकेत धड चालणारा संगणक माझ्याच टेबलावर,
आणि नगराध्यक्ष एव्हारिस्तोंना शुक्रवारपर्यंत हवा होता.
"पोर्तो सारदेलो: गालिसियाच्या किनाऱ्यावरचं
अजून न बिघडलेलं गाव."
'अजून'वर बोट ठेवून ते म्हणाले, हे काढ.
काढलं.
वाक्य त्यामुळे जास्तच खोटं वाटायला लागलं.

फोटोवाला तीन दिवस राहिला.
त्याला हवा होता धूर, लाकूड, सुरकुत्या.
आमच्याकडे ॲल्युमिनियमची दारं,
खाऱ्या वाऱ्याने पांढरी पुटं धरलेली,
फिन्सच्या बारमध्ये दिवसभर टिणटिणणारं जुगाराचं यंत्र,
आणि तेवीस बंद घरं, ज्यांच्या चाव्या
स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा स्वयंपाकघरात
खिळ्याला लटकतायत.

मग त्याला एरुंदिना दिसली.
वय एकसष्ट, गुलाबी जाकीट, हातात पावाची पिशवी.
"यांना दारात बसवा," तो म्हणाला, "जाळं विणताना.
अकरा ते एक. ऊन तेव्हा बरं असतं."

एरुंदिनाने जन्मात जाळ्याला हात लावला नव्हता.
ती ओहोटीची बाई.
गुडघाभर गार पाण्यात कमरेतून वाकून
चाळीस वर्षं दाताळं ओढत तिसऱ्या काढतेय.
तिचं घड्याळ चंद्राच्या हातात:
कधी पहाटे, कधी ताटावरून उठून.
"मग तेच दाखवा ना," मी म्हटलं.
एव्हारिस्तो म्हणाले, "वेळेचा भरवसा नाही.
आणि रस्त्यावरून बघितलं तर
नुसती ढुंगणं दिसतात."

तर जाळं आलं. विगोच्या दुकानातून,
हिरवं, शोभेचं, कोपऱ्याला किमतीची चिठ्ठी.
ताशी नऊ युरो. काळी शाल पालिकेची, धुवायची घरी.
पहिल्या दिवशी तिने गाठी मारल्या
बुटाच्या नाडीला मारतात तशा.
लोकांनी फोटो काढले.
एक बाई रडली, म्हणाली, माझी आजी अगदी अशीच.
एरुंदिनाने तिला पाणी दिलं
आणि चिठ्ठी शालीखाली सरकवली.

जुलैत कधीतरी समोरचा साबिनो आला.
अठ्ठावीस वर्षं न्यूफाउंडलंडच्या बर्फात कॉड धरलेला माणूस,
झटका आल्यापासून बोलत नाही,
उजवा हात खिशातच ठेवतो.
डाव्या हाताने त्याने तिच्याकडून सुई घेतली.
एक गाठ उसवली. मारली, दात लावून, सावकाश.
परत उसवली.
सुई तिच्या हातात दिली आणि तिथेच उभा राहिला,
तिला जमेपर्यंत.
बस यायची होती. फोटो कुणाकडेच नाही.

ऑगस्टच्या शेवटी फिन्सच्या भाच्याने
होडीवरचं फाटकं जाळं तिच्या दारात आणून टाकलं.
बसलीच आहेस तर, म्हणाला.
त्याला माशांचा वास होता, बुचाचे तुकडे होते,
वेढलेलं शेवाळ होतं.
पाहुणे दोन पावलं मागे सरकले.

आता पुढच्या वर्षाचा मजकूर मागतायत.
'अस्सल' हा शब्द तीनदा यायला हवा, अशी सूचना आहे.
मी एरुंदिनाला विचारायला गेले,
तुझ्याबद्दल काय लिहू?
तिने भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला,
पेन्सिलीने दोन गोल केले.
"लिही, मंगळवारी आणि बुधवारी जाळं नाही.
ओहोटी अकराला आहे."

पुठ्ठ्याची पाटी मीच करून खुर्चीवर ठेवली:
ओहोटीला गेली आहे.
दोन बस येऊन गेल्या.
लोक पाटीचा फोटो काढून गेले, काही जण खुर्चीसकट.
समोर, पाणी सरलेल्या करड्या चिखलात,
नऊ बायका वाकलेल्या,
रस्त्याकडे पाठ करून.
त्यांतली एक गुलाबी.