फुली

नमुन्यांच्या पुस्तकात हंस आहेत, जोडीनं.
पवनचक्की आहे. बर्फातलं घर, वर धुराडं.
आणि गुलाब तर इतके, की पानं उलटताना
बोटांना काटे लागावेत.
कावळा नाही.

भुलेश्वरच्या जितुभाईंनी माळ्यावरून तीन गठ्ठे उतरवले,
धूळ झटकली, शिंकले, म्हणाले,
"बेन, मोर देऊ? पोपट देऊ?
कावळा कोण टांगतं भिंतीवर?"
मग जरा आवाज उतरवून, "कोणी गेलं का घरात?"
कोणी नाही गेलं हो.
तो रोज येतो, म्हणून.

भोईवाड्यात आमच्या सहाव्या मजल्यावर
एसीच्या डब्यामागे त्याचं बांधकाम चालू आहे.
काड्या कमी, वायरी जास्त.
केबलवाल्याची पांढरी, शेजारच्या टॉवरची गंजकी तार,
आणि परवा माझ्या शिवणाच्या डब्यातून
उचलून नेलेला लाल दोऱ्याचा तुकडा.
तो शेड आता बंद झालाय.
म्हणजे त्याच्याकडे माझी उधारी आहे.

तर मीच काढायला बसले.
सातवीच्या भूमितीचा उरलेला आलेख कागद;
एकतीस वर्षांच्या नोकरीतून एवढंच घरी आणलं,
एवढंच, आणि कंबरदुखी.
मॅटीच्या एका इंचात चौदा घरं.
चौकोनांत पाखरू बसवायचं
म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी गोल व्हायचं.
चोच चार वेळा खोडली. एकदा पोपट झाला,
एकदा हुबेहूब आमच्या शाळेचे शिपाई मोहिते.
काळा चारशे तीन नंबरचा, त्यात वाद नाही.
पण मानेचा तो राखाडी!
सात लडी खिडकीत धरून बसले.
तो मान तिरकी करून बघत राहिला,
जशी मीच कुणाच्या नमुन्यात आहे
आणि माझाच रंग जुळत नाहीये.

मग काठ राहिला.

काठ मला माहीत होता. कुठं पाहिला ते आठवेना.
पडद्यावर नाही, कुणाच्या पदरावर नाही.
गुरुवारी दूध उतू जाता जाता आठवलं:
सुलक्षणा घाग. सहावी ब. काळाचौकीची शाळा.
अपूर्णांकांची चौकटीची वही,
वीस गणितं, अठरा फुल्या,
माझ्या लाल पेनाच्या, दाबून मारलेल्या.
दुसऱ्या दिवशी वही परत आली
तेव्हा तिनं माझ्या फुल्यांना फुल्या जोडल्या होत्या.
दोन मोठ्या, एक लहान, मध्ये रिकामं घर,
पानभर वेल चढवली होती
एकही गणित दुरुस्त न करता.

मी पान फाडलं. वर्गासमोर.
"बाई, तुम्हीच दिल्या होत्या," एवढंच म्हणाली ती,
आणि खाली बसली.

फुलीला फुली का म्हणतात
हे मला बासष्टाव्या वर्षी
सुई बोटात गेल्यावर सुचलं.

आता तेच पान आठवून मांडतेय.
दोन मोठ्या, एक लहान, एक घर रिकामं,
की दोन? तिथंच अडतं.
आणि कोपऱ्यावर वेल वळवताना तिनं काय केलं होतं?
माझी एकशे सव्वीस घरं. पाचानं भाग जात नाही,
बाकी एक उरते.
दर वेळी एक.
तिला भागाकार येत नव्हता,
पण तिचा कोपरा जुळला होता.
शपथेवर सांगते, जुळला होता.

तीन बाजू झाल्या. चौथीला लाल संपला,
फार नाही, चार फुल्यांपुरता कमी पडतोय.
तेवढा तुकडा समोर आहे,
हिरवट अंड्यांखाली, तारांमध्ये गुंतलेला.
हात लांबवला तर पोचेल.

सुई मॅटीत खोचून ठेवलीये.